घरपट्टी आजीच्या नावावर, पण घर कोणाचं?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझं वय 76. संगमेश्वर तालुक्यात आमचं जांभ्याचं घर आहे. हे एसटीत होते, तेव्हा 1986 साली स्वतःच्या पैशाने जागा घेऊन बांधलं. 2014 मध्ये हे गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. तेव्हापासून घरपट्टी माझ्या नावावर येते. मुलगा डोंबिवलीला असतो, गणपतीला येतो. मुलगी चिपळूणला दिली आहे. तिची मुलगी शाळेत असल्यापासून माझ्याजवळ राहिली, आता नर्स आहे, माझं दुखणंखुपणं तीच बघते. घर तिला मिळावं अशी इच्छा आहे. मुलगा म्हणतो, वडिलोपार्जित घर असं नातीला देता येत नाही. नात म्हणते, मी मृत्युपत्र टाइप करून आणते, तू सही कर. स्टॅम्पपेपर कितीचा लागेल? मुलाला आधी सांगू का? घरामागे हापूसची कलमं आहेत, त्या सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं आहेत.
— एक आजी

उत्तर : आजी, स्टॅम्पपेपर लागतच नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. खरी गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलीत : सातबाऱ्यावर तिघांची नावं आहेत. घराचाही हिशोब तोच. तुमचे यजमान मृत्युपत्र न करता गेले, म्हणून 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने घर त्याच दिवशी तुम्ही, मुलगा आणि मुलगी अशा तिघांचं झालं, सारख्या हिश्श्याने. मुलीचं लग्न झालंय म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. ग्रामपंचायतीने असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीला, तुमचं नाव लावलं ते कर कोणाकडून घ्यायचा यासाठी. त्याने मालकी ठरत नाही. आणि 2014 मध्ये तुमच्या सासूबाई हयात होत्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असल्या तर वाटे चार, आणि त्यांचा वाटा पुढे त्यांच्या वारसांकडे, म्हणजे दीर-नणंदाही त्यात आल्या. हे आधी पाहा.

तेव्हा तुमचा मुलगा चुकीच्या कारणाने निम्मं बरोबर बोलतोय. यजमानांनी स्वकमाईने बांधलेलं घर वडिलोपार्जित नव्हे, आणि तुमच्या हिश्श्याच्या तुम्ही पूर्ण मालक आहात. तो नातीला द्या नाहीतर शेजारणीला द्या. पण मुलाचा तिसरा हिस्सा तुम्हाला कोणाला देता येणार नाही. मृत्युपत्रात ‘माझं संपूर्ण घर’ लिहिलंत तरी जाईल तुमच्यापुरतंच, आणि भांडणाला मात्र निमित्त मिळेल.

मार्ग आहे. तुमची मुलगी राजी असेल तर तिने तिचा हिस्सा स्वतःच्या लेकीला बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने द्यावा. तुमचा आणि तिचा मिळून दोन तृतीयांश नातीकडे येईल. उरलेला मुलाकडून हवा असेल तर त्याने तुमच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून द्यायला हवं. ते तो फुकट देईल असं मी धरून चालत नाही. कलमांमधला तुमचा हिस्सा त्याला द्यायची तयारी असेल तर बोलणं सोपं होईल. डोंबिवलीकरांना आंब्याची पेटी प्रिय असतेच.

आता नातीचं टायपिंग. नको! ज्याला मिळणार त्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला, तर कोर्ट त्याकडे संशयाने बघतं. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच सांगून ठेवलंय की असे संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. वकिलाकडून लिहून घ्या, सहीच्या वेळी नात खोलीत नसलेली बरी. साक्षीदार दोन हवेत, तुमची सही बघून त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. साक्षीला गावचे म्हातारे पोलीस पाटील बोलावू नका, तुमच्याहून बरीच तरुण आणि जवळपास राहणारी माणसं बघा, कारण वाद झाला तर त्यातल्या निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. तुम्ही शुद्धीवर आहात असा त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या प्रकरणात मी ती करायलाच सांगेन. मजकुरात घर क्रमांक आणि चतुःसीमा लिहा, मुलाला हा हिस्सा का देत नाही ते दोन शांत वाक्यांत लिहा, आणि दुर्दैवाने नात तुमच्याआधी गेली तर कोणाला, तेही लिहा.

बक्षीसपत्राने आजच देऊन टाका, असं कोणी सुचवेल. तुमच्या हिश्श्याचं तसं करू नका. बक्षीसपत्र झालं की हिस्सा गेला. मृत्युपत्र शुद्धीवर असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. नात गुणी आहे, पण तिचं लग्न व्हायचंय, आणि तुम्हाला त्याच घरात राहायचंय.

मुलाला सांगायचं का? तुमच्या हिश्श्यासाठी कायद्याने गरज नाही. हक्कसोडपत्र हवं असेल तर सांगावंच लागेल. मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं, पण मृत्युपत्राची नोंदणी झाल्यावर, आणि गणपतीच्या गर्दीत नाही.