यू-गी-ओ या पत्त्यांच्या खेळातलं नवीन मॉन्स्टर कार्ड, लेव्हल ८ आणि ३००० अटॅक आहे, तर घेण्यासारखं आहे का?

भाऊ, नुसत्या ३००० अटॅकवर जाऊन घेऊ नको, आधी ते कार्ड मैदानात येतं कसं ते वाच. लेव्हल ७ किंवा त्याच्या वरचं मॉन्स्टर साध्या समनने (हातातून मैदानात आणायच्या नेहमीच्या पद्धतीने) आणायचं म्हटलं की आपलेच दोन मॉन्स्टर बळी द्यावे लागतात आणि साधा समन टर्नला एकच मिळतो, म्हणून स्वतःहून स्पेशल समन होत नसेल, म्हणजे साधा समन न वापरता मैदानात येत नसेल, तर ते हातातच अडकून बसतं. आम्ही जळगावात रविवारी खेळायला बसतो तेव्हा नवीन कार्ड विकत घ्यायच्या आधी त्याचा मजकूर चिठ्ठीवर लिहून जुन्या कार्डाच्या स्लीव्हमध्ये सरकवतो, आणि पाच-पाच पत्त्यांचे वीसेक हात काढून बघतो, त्यात खरं काय ते लगेच कळतं. हे बघ:

- एकटं हातात आलं तर काही काम करतं का
- आल्या आल्या इफेक्ट लागतो का पुढच्या टर्नची वाट बघावी लागते
- समोरच्याने अॅश ब्लॉसम (डेकमधून पत्ते आणणारे इफेक्ट हातातूनच रोखणारं कार्ड) टाकून इफेक्ट अडवला तर हातात काय उरतं

आणि ४० च्या डेकमध्ये तिन्ही प्रती टाकल्या तरी पहिल्या पाचात निदान एक येण्याचा चान्स ३४ टक्क्यांच्या आसपासच असतो, त्यामुळे शोधून आणणारं दुसरं कार्ड आहे का तेही बघच. फक्त तुझ्या डेकमध्ये ट्रेड-इन नावाचं कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हातात अडकलेलं लेव्हल ८ टाकून दोन पत्ते ओढता येतात.