डोक्याला जबर मार लागलेला पेशंट शुद्धीवर येणार की नाही, हे रक्ततपासणीतून कळतं का?

तुम्ही लिहिलंय की अपघाताला तीन आठवडे झाले, भाऊ डोळे उघडतो पण हाकेला ओ देत नाही, आणि एनएसई (मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) 70 आल्यावर कुणीतरी "आता आशा नाही" म्हणालं. मी न्यूरो आयसीयूत काम करतो. पेशंट न बघता मी भाकीत करणार नाही, पण त्या एका आकड्यावरून ते कुणीच करू नये.

60 च्या वर एनएसई वाईट, हा नियम हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या पेशंटचा आहे. 2021 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांत 48 किंवा 72 तासांनंतरचा आकडा धरलाय, तोही इतर तपासण्यांच्या जोडीनेच. डोक्याच्या माराला तो तसाच लावता येत नाही. शिवाय एनएसई तांबड्या पेशींतही असतं. रक्त काढताना किंवा लॅबपर्यंत नेताना त्या फुटल्या की आकडा उगाच फुगतो. नमुना हिमोलाइज्ड (पेशी फुटलेला) होता का, हे लॅबला आधी विचारा.

जीएफएपी आणि यूसीएच-एल1 ही मेंदूच्या इजेत रक्तात येणारी आणखी दोन प्रथिनं, पण ती पहिल्या काही दिवसांत कामाची. अमेरिकेत 2018 मध्ये त्यांना मान्यता मिळाली तीही सौम्य मारात सीटी स्कॅन लागेल का, हे ठरवण्यापुरती. एनएफएल हे प्रथिन मात्र मज्जातंतूंच्या लांब धाग्यांतून झिरपतं आणि कित्येक आठवडे चढं राहतं. ते जास्त असलेल्या गटात सुधारणा सरासरीने कमी दिसते. पण तुमचा भाऊ म्हणजे सरासरी नव्हे.

खरी अडचण अशी की ही प्रथिनं किती तुटलं ते सांगतात, कुठे तुटलं ते नाही. ब्रेनस्टेममधली (मेंदूच्या देठातली) छोटीशी इजा रक्तात फारसं काही न सोडताही माणसाला कोमात ठेवू शकते.

म्हणून मी रिपोर्टपेक्षा सीआरएस-आर ही तपासणी (पेशंट आवाज, नजर, स्पर्श यांना कसा प्रतिसाद देतो हे ठरावीक पद्धतीने बघून गुण देणारी) मागेन, आणि एकदा नाही, वेगवेगळ्या वेळी अनेकदा. 2009 च्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या एकमताने 'व्हेजिटेटिव्ह' (डोळे उघडे पण जाणीव नाही) ठरलेल्या पेशंटांपैकी सुमारे 40 टक्क्यांमध्ये या तपासणीत जाणिवेच्या खुणा सापडल्या. त्यात चेहऱ्यासमोर आरसा हळूहळू फिरवून नजर मागे जाते का, हेही बघतात. गुंगीची औषधं चालू असतील तर तसं नोंदवायला सांगा.

आणि "आशा नाही" म्हणणाऱ्यांना 2018 ची अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीची सूचना दाखवा: इजेनंतरच्या पहिल्या 28 दिवसांत सगळ्यांचंच भवितव्य वाईट असतं असं सुचवणारी विधानं टाळावीत. तुमच्या भावाला अजून 21 च दिवस झालेत.