आधी पाती जुळव, मग उडव

रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला बेळगावजवळच्या सांबऱ्याकडं नको जाऊस रे, तिथं विमानतळ आहे. सुगी झाली की खानापूरकडची भाताची शेतं मोकळी पडतात, मालकाला विचारून तिथं जा. तेही सकाळी लवकर. ऊन चढलं की वारा सुटतो आणि छोटं हेलिकॉप्टर हातात राहत नाही.

पहिलं काम पात्यांच्या ट्रॅकिंगचं, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतील असं करायचं. दोन्ही पात्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाची टेप लाव, फिरव आणि लांबूनच, डोळ्यांच्या पातळीत बघ. एकाच्या जागी दोन चकत्या दिसल्या तर वरच्या पात्याचा पिच, म्हणजे तिरकेपणा, कमी कर. पिच ठरवणाऱ्या छोट्या दांडीला, म्हणजे लिंकला, एका वेळी एकच फेरा, जास्त नाही. हे न करता उडवलं की मशीन थरथरतं आणि पोरं उगाच गायरोला, म्हणजे शेपूट स्थिर ठेवणाऱ्या यंत्राला, शिव्या घालतात. शेपूट भराभर वळवळत असेल तर गायरोचा गेन, म्हणजे जोर, उतरव. ढिली वाटत असेल तर थोडा चढव.

उडवताना शेपूट आपल्याकडं. नाक आपल्याकडं वळलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथंच घात होतो. ती सवय कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर कर की, तिथं मोडलं तरी खर्च नाही! पडतंय असं वाटलं तर आधी थ्रॉटल बंद. पाती जोरात फिरत आपटली तर शाफ्ट वाकतो. आणि लिपो बॅटरीचा सेल ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नकोस.