भांडारात नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यास

दाबोळीच्या नौदल तळावरील भांडारात तुमची नेमणूक झाली आहे, तेव्हा चोरीपेक्षा खाऱ्या हवेची धास्ती अधिक बाळगा. जून ते सप्टेंबर या काळात सुट्या भागांच्या सीलबंद पाकिटांतील सिलिका जेल वरचेवर तपासावे. निळे दाणे गुलाबी झाले, की त्यांची ओलावा शोषण्याची क्षमता संपली असे समजून ते सुमारे १२० अंश सेल्सिअसला वाळवावेत किंवा बदलावेत.

रबरी सीलचे आयुष्य माल आपल्याकडे आला त्या दिवसापासून नव्हे, तर पाकिटावर छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजले जाते. उमेदवारीच्या काळात मी नवी खोकी सोयीसाठी फडताळाच्या पुढच्या बाजूस रचली, आणि मागे राहिलेली जुनी खोकी मुदत उलटल्यावरच हाती लागली. ती निर्लेखित करण्याची, म्हणजे साठ्यातून कायमची वजा करण्याची, कागदपत्रे भरण्यातच माझी त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, गेली. त्यामुळे जुना माल पुढे, नवा मागे, हा क्रम मोडू नये.

वस्तू दिल्याबरोबर बिन कार्डावर, म्हणजे त्या वस्तूच्या खणापाशी ठेवलेल्या नोंदपत्रावर, नोंद करावी. "संध्याकाळी एकदम लिहीन" म्हणणाऱ्याचा साठा आणि लेजर, म्हणजे साठ्याची नोंदवही, मी कधीही जुळलेले पाहिलेले नाहीत. मोजणी करताना मात्र लेजर बंद ठेवून आधी माल मोजावा.