वाचक विचारतात : जिनांची बहीण खरंच दातांची डॉक्टर होती?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी इथे नवी मुंबईत बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात कुणीतरी म्हणालं की महंमद अली जिनांची बहीण मुंबईत दातांचा दवाखाना चालवायची. तिचा विश्वास बसेना, माझाही नाही. खरं असेल तर दवाखाना सोडून तिने पुढे काय केलं? भावाचं घर सांभाळण्यापलीकडे तिचं स्वतःचं काही राजकारण होतं का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : लेकीला सांगा, अगदी खरं आहे. ठाण्यात मी इतकी वर्षं फाळणी शिकवली, पण या बाईंबद्दल एकाही मुलाने कधी विचारलं नाही. त्यामुळे तुमचं पत्र आल्यावर मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

फातिमा जिना यांचा जन्म 1893चा, कराचीतला. घर काठियावाडी खोजा मुसलमानांचं, घरची भाषा गुजराती. सात भावंडांत त्या धाकट्या आणि महंमद अली सगळ्यांत थोरले, म्हणजे दोघांत सतरा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले आणि भावाने बहिणीला वांद्र्याच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवलं. त्या काळात नातेवाइकांना हे मुळीच रुचलं नव्हतं. पुढे त्या कलकत्त्याला डॉ. आर. अहमद यांच्या डेंटल कॉलेजात शिकल्या आणि 1923 साली मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना उघडला. तुम्ही क्रॉफर्ड मार्केटला जात असाल तर ती गल्ली तुमच्या पायाखालची असणार. दवाखाना सांभाळून जवळच धोबी तलावच्या म्युनिसिपल दवाखान्यात त्या विनावेतन कामही करत. 1929मध्ये रत्तीबाई, म्हणजे जिनांची पत्नी, वारल्या. लेक दीना नऊ वर्षांची. फातिमांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्या भावाकडे राहायला गेल्या.

इथवर गोष्ट तुम्ही म्हणता तशीच आहे. पुढची अठरा-एकोणीस वर्षं फोटोत त्या भावाच्या शेजारी दिसतात. लंडन, मलबार हिल, मुस्लिम लीगचं लाहोरचं 1940चं अधिवेशन, सगळीकडे त्या बरोबर. 7 ऑगस्ट 1947ला दिल्लीहून कराचीला गेलेल्या विमानातही त्या होत्या. पण त्यांचं स्वतःचं राजकारण भाऊ गेल्यावर सुरू झालं, आणि माझ्या मते ते भावाच्या पक्षाच्या वारसदारांनाच सगळ्यात जड गेलं.

त्याचं बीज 11 सप्टेंबर 1948च्या संध्याकाळी पडलं. क्षयाने खंगलेल्या जिनांना क्वेट्ट्याहून विमानाने कराचीजवळच्या मौरीपूरच्या विमानतळावर आणलं. तिथून शहराकडे निघालेली रुग्णवाहिका रस्त्यातच बंद पडली. दुसरी येईपर्यंत तासभर गेला. उकाडा, माश्या घोंगावताहेत, आणि बहीण पुठ्ठ्याच्या तुकड्याने भावाला वारा घालते आहे. बाजूने ट्रक आणि बस जाताहेत, पण आत देशाचा गव्हर्नर जनरल पडला आहे हे कुणाच्या गावीही नाही. त्याच रात्री ते गेले. फातिमांनी हे सगळं लिहून ठेवलं, पण ते पुस्तक छापून यायला 1987 उजाडलं, तेही मजकुराला कात्री लावून. मधे 1951मध्ये त्यांचं रेडिओवर भाषण झालं, तर त्याचंही प्रक्षेपण मध्येच तुटलं. राष्ट्रमाता म्हणून हार घालायचे आणि माइक मात्र द्यायचा नाही, असा सगळा कारभार.

आता त्यांची खरी लढाई. 1958पासून सत्ता लष्करशहा अयुबखान यांच्या हातात होती. 1964मध्ये विरोधी पक्ष एकत्र आले, पण अयुबखानांसमोर उभं राहायला माणूस मिळेना. शेवटी सगळे एकाहत्तर वर्षांच्या फातिमाबाईंच्या दारात गेले. त्यात पूर्व पाकिस्तानातले डावे पुढारी मौलाना भाशानी होते, शेख मुजीब होते आणि कट्टर धर्मवादी जमात-ए-इस्लामीही. इस्लामी राज्याच्या प्रमुखपदी बाई चालते का, यावर अयुबखानांनी उलेमांकडून फतवे काढवले आणि जमात बाईंच्या बाजूने उभी राहिली! राजकारणात गरज पडली की धर्मशास्त्रही कसं सोयीने वळतं ते बघा. शिवाय भारतधार्जिण्या असल्याचा आरोप होताच.

अयुबखानांची निशाणी गुलाब, बाईंची कंदील. पूर्व पाकिस्तानात त्या ढाक्याहून चितगावला रेल्वेने निघाल्या, तर स्टेशनास्टेशनावर लोक साखळी ओढून गाडी थांबवत आणि त्यांना बोलायला लावत. गाडी कित्येक तास उशिरा पोचली. मग हरल्या कशा? कारण मत देणार होते फक्त 80,000 जण, लोकांनी निवडून दिलेले स्थानिक प्रतिनिधी, ज्यांना ‘बेसिक डेमोक्रॅट’ म्हणत. आपल्या सोसायटीत सभासद कमिटी निवडतात आणि कमिटी चेअरमन ठरवते, तसंच हे. फरक एवढाच की तिथे कमिटीवाल्यांना मिळणारा विकासाचा पैसा चेअरमनच्या अधिकाऱ्यांच्या हातून यायचा. 2 जानेवारी 1965ला मतदान झालं. अयुबखानांना साधारण 64 टक्के, बाईंना 36. तरी कराची आणि ढाका त्यांनी जिंकलं, आणि पूर्व पाकिस्तानात तर त्यांची मतं 46 टक्क्यांच्या घरात होती. कराचीने विरोधात मत दिल्याचा राग विजयाच्या मिरवणुकीनंतरच्या हिंसाचारात निघाला, माणसं मेली. मिरवणुकीच्या पुढे अयुबखानांचा मुलगा होता.

त्या कधी आमदार-खासदारही झाल्या नाहीत, मंत्रिपद तर दूरच. 9 जुलै 1967ला कराचीत वारल्या. तरी पाकिस्तानात लष्करशहाच्या विरोधात सबंध देशभर मतं मागणारी पहिली व्यक्ती एक बाई होती. बेनझीर पंतप्रधान झाल्या त्या 1988मध्ये. ‘बाई चालते का’ या वादाला तोंड फातिमाबाईंनी चोवीस वर्षं आधीच दिलं होतं. लेकीला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेसाठी शुभेच्छा.

प्रश्न : आमचे आजोबा कराचीचे. ते मोहट्टा पॅलेसचं फार कौतुक सांगायचे. तिथे जिनांची बहीण राहायची म्हणतात. मग आजोबांनी तिला पाहिलं असेल का?
– कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : फाळणीआधी त्या महालात तरी नाही. तो 1920च्या दशकात शिवरतन मोहट्टा या मारवाडी व्यापाऱ्याने क्लिफ्टनला बांधला, जोधपूरहून गुलाबी दगड आणून. फाळणीनंतर मोहट्टा मुंबईला आले आणि महालात पाकिस्तानचं परराष्ट्र खातं बसलं. फातिमाबाई तिथे राहायला आल्या त्या 1964मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीच्या वर्षी. त्यांच्यानंतर बहीण शिरीन तिथे राहिल्या. 1999पासून तिथे संग्रहालय आहे. आजोबांनी पाहिला तो मोहट्टांचा महाल. फातिमाबाई तिथे आल्या तोवर तुमचं कुटुंब कोपरीत रुळूनही बरीच वर्षं झाली असतील.