वाचकांचे प्रश्न : दाखल रजिस्टरपासून कोहापर्यंत

महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय ग्रंथालयांच्या संगणकीकरणाबद्दल आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात ४२,००० पुस्तके आहेत. पूर्वी एका ऑपरेटरकडून सगळे दाखल रजिस्टर (आलेली प्रत्येक प्रत क्रमाने नोंदवायची वही) एक्सेलमध्ये भरून घेतले होते. इंग्रजी पुस्तके ठीक आहेत, मराठी श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) आहेत. ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर म्हणून सोल घ्यावे की कोहा? आणि ही एक्सेल तशीच चढवता येईल का? – ग्रंथपाल, सातारा जिल्हा

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. आणि त्यामुळे पहिला प्रश्न वाटतो तेवढा मोठा राहत नाही. सोल हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राचे, त्याची ३.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. कोहाची सुरुवात १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी झाली. ते मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत. महाविद्यालयात लिनक्स सांभाळणारे कोणी असेल किंवा जवळपास तसा माणूस हाताशी असेल तर कोहा घ्या, नसेल तर सोल. कोणतेही घ्या, पण सगळ्या नोंदी मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या मानकात, आयएसओ २७०९ (अशा नोंदींच्या देवाणघेवाणीची) फाइल म्हणून, कधीही बाहेर काढता येतात हे लेखी घ्या. विक्रेता ‘एक्सेलमध्ये देऊ की’ म्हणाला तर ते पुरेसे नाही.

आता एक्सेल. मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा आणि कामाच्या फाइलवर या क्रमाने जा.

सर्वात आधी भाषेचा रकाना जोडा. श्रीलिपीतला मजकूर संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांचाच असतो. तो मराठी आहे हे फक्त फॉन्टमुळे कळते आणि फाइल सीएसव्ही केली की फॉन्टची माहिती उडते. मग कोणती ओळ रूपांतरित करायची तेच कळत नाही. सरसकट सगळा रकाना कन्व्हर्टरमधून काढला तर इंग्रजी शीर्षकांचा चिवडा होतो. एक्सेलच्या ‘फाइंड’मध्ये ‘फॉरमॅट’ निवडून फॉन्टप्रमाणे पेशी शोधता येतात. त्याने मराठी ओळी वेगळ्या करा, मग युनिकोडमध्ये बदला. श्रीलिपीच्याही निरनिराळ्या फॉन्ट-मालिका आहेत, आणि एकीचा कन्व्हर्टर दुसरीला लावला तर जोडाक्षरे बिघडतात. २०० ओळींचा नमुना काढून हातातल्या पुस्तकांशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दाखल क्रमांक आणि आयएसबीएन हे दोन्ही रकाने ‘टेक्स्ट’ करा. तसे केले नाही तर ०००१२३ चे १२३ होते आणि तेरा आकडी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा दिसू लागतो. तो तसाच सीएसव्हीत गेला की शेवटचे आकडे कायमचे गेले. रजिस्टरात दाखल क्रमांक देवनागरी अंकांत असतील तर ते इंग्रजी अंकांत बदला. बारकोडच्या कोड १२८ मध्ये देवनागरी अंक बसत नाहीत. खरेदीची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी हवी. ‘१२/६/९८’ म्हणजे जून की डिसेंबर, हे बिलाशी ताडूनच ठरेल. आणि सीएसव्ही जतन करताना ‘यूटीएफ-८’ असाच पर्याय निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

पुढची अडचण प्रतींची, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. रजिस्टरात एक ओळ म्हणजे एक प्रत. तुमच्याकडे अर्थशास्त्राच्या एका क्रमिक पुस्तकाच्या ३० प्रती असतील तर फाइल तशीच चढवल्यावर ओपॅकमध्ये (वाचकांच्या ऑनलाइन तालिकेत) तेच पुस्तक ३० वेळा दिसते. खरे तर एक ग्रंथनोंद आणि तिच्याखाली ३० प्रती हव्यात. कोहाचा जुळणीचा नियम यासाठीच आहे, पण तो नवी नोंद आधीपासून तालिकेत असलेल्या नोंदींशी ताडतो, त्याच फाइलमधल्या इतर नोंदींशी नाही. म्हणून फाइल दोन भागांत तोडा. पहिल्या भागात प्रत्येक शीर्षकाची एकच प्रत. ती चढवा, अनुक्रमणी (शोधासाठी यंत्र बनवते ती सूची) पूर्ण होऊ द्या. मग उरलेल्या प्रतींची फाइल जुळणीचा नियम लावून आणि ‘फक्त प्रती जोडा’ हा पर्याय ठेवून चढवा. अनुक्रमणी होण्याआधी घाई केली तर काहीच जुळत नाही आणि पुन्हा तीच गर्दी होते.

जुळणी आयएसबीएनवर करायची म्हणाल तर जुन्या मराठी पुस्तकांना तो नसतो. त्यासाठी शीर्षक, लेखक, आवृत्ती आणि वर्ष जुळणाऱ्या ओळींना तुमचाच एक शीर्षक-क्रमांक द्या, तो मार्क नोंदीच्या ००१ क्षेत्रात टाका आणि नियम त्यावर लावा. ओपनरिफाइन या मोफत साधनाचे ‘क्लस्टर’ इथे कामी येते. ‘कॉन्टिनेंटल’, ‘कॉन्टिनेन्टल प्रकाशन’, ‘कॉन्टीनेंटल प्रका.’ हे सगळे ते एकत्र दाखवते. कोणते ठेवायचे ते तुम्ही ठरवायचे.

मग मार्कएडिट या मार्क नोंदींच्या साधनाने सीएसव्हीचे मार्क करा. क्षेत्रांचे क्रमांक असे: लेखक १००, शीर्षक २४५, प्रकाशन २६०, वर्गांक ०८२, आयएसबीएन ०२०. प्रतीची माहिती ९५२ मध्ये, त्याची उपक्षेत्रे अशी: ‘पी’ बारकोड, ‘ए’ मूळ ग्रंथालय, ‘बी’ सध्याचे ग्रंथालय, ‘ओ’ बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा), ‘वाय’ प्रकार, ‘डी’ दाखल तारीख, ‘जी’ किंमत. ग्रंथालयाचा कोड कोहात जसा दिला तसाच इथे हवा, अक्षरनुअक्षर. प्रकार रिकामा राहिला तर पुस्तक दिसेल पण देवघेवीत अडेल, आणि त्याचा दोष ज्याच्यात्याच्याकडून सॉफ्टवेअरवर येईल.

निर्लेखित (संग्रहातून कमी केलेल्या) पुस्तकांच्या ओळी खोडू नका. त्या ‘निर्लेखित’ खूण लावूनच चढवा. नाहीतर पुढच्या लेखापरीक्षणात क्रमांकांच्या मालिकेतील प्रत्येक खिंडाराचा खुलासा तुम्हालाच करावा लागेल.

कोहात ‘कऱ्हाड’ शोधले तर काही पुस्तके येतात, काही येत नाहीत, जरी दोन्हीकडे अक्षरे तीच दिसतात. ‘दुःख’चेही तसेच. विक्रेता म्हणतो मराठीत असे होतेच. – ग्रंथालय सहायक, विद्यापीठ विभाग, नागपूर

होते, पण दुरुस्तही होते. ‘ऱ्हा’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१), मग हलन्त, मग ‘ह’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक (यू+२००डी), मग ‘ह’. पडद्यावर फरक शून्य, यंत्राला हे दोन वेगळे शब्द. ‘ॲरिस्टॉटल’मधला ‘ॲ’ही तसाच: एकदा एकसंध अक्षर, एकदा ‘अ’वर चंद्र. आणि ‘दुःख’मध्ये अनेक जण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टाइप करतात, शोधयंत्र त्या चिन्हापाशी शब्द तोडते आणि तुमच्या तालिकेत ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन शब्द तयार होतात.

उपाय नोंदी निर्यात करून मार्कएडिटमध्ये बदल-शोध चालवणे हा आहे. क्रम महत्त्वाचा. आधी ‘र + हलन्त + जोडक’ याचे ‘ऱ + हलन्त’ करा. त्यानंतरच उरलेले जोडक पुसा. उलट केले तर ‘कऱ्हाड’चे ‘कर्हाड’ होते, रफार ‘ह’वर चढतो आणि मग ओळखून दुरुस्त करणे फार जड जाते. तिसऱ्या टप्प्यात देवनागरी अक्षरानंतरच्या अपूर्णविरामाचा विसर्ग करा, पण मराठी शीर्षकात मुख्य आणि उपशीर्षकाच्या मध्येही अपूर्णविराम असतो. त्याच्या पुढे अंतर असते, त्या जागा वगळा. बिनअंतराच्या उरलेल्या जागा नजरेखालून घालाव्याच लागतात.

त्यानंतर झेब्रा या कोहाच्या शोधयंत्राची अनुक्रमणी पाहा. ‘डिफॉल्ट डॉट आयडीएक्स’ या फाइलमध्ये शब्दांसाठी ‘आयसीयू’ साखळी (युनिकोडप्रमाणे शब्द तोडण्याचे नियम) लावलेली आहे का? देवनागरीसाठी तीच हवी. साखळीच्या फाइलमध्ये ‘नॉनस्पेसिंग मार्क’ काढून टाकण्याचा नियम दिसला तर तो काढा. फ्रेंच-जर्मनसाठी तो सोयीचा असतो, पण देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे त्याच्या व्याख्येत बसतात. तो लावलेला असेल तर ‘फूल’ शोधणाऱ्याला ‘फल’ही मिळते. बदल केल्यावर झेब्रा पुन्हा सुरू करून संपूर्ण अनुक्रमणी नव्याने करा. नुसती रोजची चालू ठेवली तर जुन्या नोंदी जुन्याच नियमाने राहतात.

टंकलेखन सुधारले तरी एकाच लेखकाची दोन नावे आपोआप एकत्र येत नाहीत. ‘कुसुमाग्रज’ आणि ‘शिरवाडकर, वि. वा.’ एकाच ठिकाणी यावेत यासाठी प्रमाणित नावांची नोंद करा, मुख्य रूप १०० मध्ये आणि दुसरे रूप ४०० मध्ये. हे काम एकाच व्यक्तीकडे द्या.

१८,००० पुस्तके, एकच दरवाजा. आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचले जाणारे टॅग) घ्यावे का? – प्राचार्य, कोकण

नको. आधी बारकोड नीट चालू दे. कागदी लेबल वर्षा-दोन वर्षांत कडेने उचलले जाते आणि कोकणच्या दमट हवेत त्याआधीच. पॉलिस्टर लेबल आणि त्याला जुळणारी रेझिन रिबन वापरा. पुढे आरएफआयडी घ्यायचेच ठरले तर १३.५६ मेगाहर्ट्झ, आयएसओ १५६९३ आणि आयएसओ २८५६० या मानकांची मागणी निविदेतच लिहा, म्हणजे टॅगमधली माहिती त्या एकाच कंपनीच्या यंत्रापुरती अडकत नाही. कोहाशी जोडणी सिप-२ने (ग्रंथालय सॉफ्टवेअर आणि यंत्रांमधल्या संवादाच्या मानकाने) होते. लोखंडी रॅकला चिकटून ठेवलेले पुस्तक वाचकयंत्र सोडून देते, हे प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या नव्हे तर तुमच्या रॅकवर बघा.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे आता एन-लिस्टची (महाविद्यालयांना ई-साधने देणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या योजनेची) गरज उरली नाही असे संस्थाचालक म्हणतात. शिवाय आमचे एका प्रकाशकाचे संकेतस्थळ मध्येच बंद होते. – ग्रंथपाल, अनुदानित महाविद्यालय, सोलापूर

ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. शिक्षकांचा पगार सरकार देते म्हणून खासगी संस्थेचे महाविद्यालय आपोआप त्यात येत नाही. तुमचे नाव यादीत आहे का ते इन्फ्लिबनेटकडे तपासा. तोवर एन-लिस्ट सोडू नका. शिवाय ही योजना नियतकालिकांची आहे, तर एन-लिस्टमध्ये ई-पुस्तकेही आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्याला तीच जास्त लागतात.

एन-लिस्टमध्ये प्रत्येक सभासदाचे स्वतंत्र खाते असते आणि त्यांची यादी महाविद्यालयानेच भरायची असते. वापर शून्य दिसतो तो बहुधा यामुळेच: यादी जूनमध्ये भरायची राहते, आणि उत्तीर्ण झालेल्यांची खाती तशीच पडून असतात.

संकेतस्थळ बंद होण्याची दोन नेहमीची कारणे. प्रकाशक तुम्हाला आयपी पत्त्यावरून ओळखत असेल आणि महाविद्यालयाने इंटरनेट कंपनी बदलली किंवा तुमचा आयपी स्थिर नसेल, तर नवा पत्ता प्रकाशकाला कळवल्याशिवाय दार उघडत नाही. दुसरे, कोणीतरी डाउनलोड करणारे साधन लावून एका बसकणीत शेकडो लेख उतरवले की प्रकाशक संपूर्ण आयपी रोखतो. अशा वेळी प्रॉक्सीच्या (वाचकांना प्रकाशकाशी जोडून देणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या) लॉगमधून कोणत्या खात्यावरून हे झाले ते काढा, ते खाते थांबवा आणि मग प्रकाशकाला लिहा. ‘आम्हाला माहीत नाही’ या उत्तरावर पत्ता लवकर सुटत नाही.

नूतनीकरणाच्या आधी प्रकाशकाकडून काउंटर या वापरमोजणीच्या मानकाचा अहवाल मागवा. त्यात ‘टीआर_जे२’ नावाचे कोष्टक असते, म्हणजे वाचक आले पण हक्क नसल्याने परत गेले ती संख्या. काय घ्यायला हवे हे त्यातून कळते, आणि खरेदी समितीत मोघम बोलण्यापेक्षा तेवढे एक पान पुरते.

जुनी मराठी पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवता येतील का? – जळगाव

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये वारले. त्यांचे लेखन खुले आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये वारले, म्हणून २०२९ संपेपर्यंत थांबा. संपादक, चित्रकार किंवा प्रस्तावनाकार वेगळा असेल तर त्याचा हक्क वेगळा मोजावा लागतो. हक्क चालू असलेले पुस्तक जतनासाठी अंकीय स्वरूपात साठवण्याची सवलत बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला कलम ५२मध्ये आहे, पण ती साठवणुकीची आहे, संकेतस्थळावर टाकण्याची नाही.

स्कॅन ३०० डीपीआयला करा, बारीक टंकाचे पुस्तक असेल तर ४००ला. मूळ टिफ जपा, वाचकांसाठी पीडीएफ काढा. टेसरॅक्ट या मोफत साधनात मराठीचा ‘मार’ संच बसवून ओसीआर (चित्रातल्या अक्षरांचा शोधता येणारा मजकूर) होते. पिवळ्या कागदावरच्या जुन्या शिळाप्रेसच्या पुस्तकांवर मात्र त्याचा भरवसा धरू नका.

बॅकअप रोज आपोआप होतो असे सांगितले आहे. आणखी काही करायला हवे का? – अहिल्यानगर

हो. कोहाच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजमध्ये रात्रीचा बॅकअप त्याच सर्व्हरवर, ‘व्हार/स्पूल/कोहा’मध्ये पडतो आणि मूळ मांडणीत तो दोनच दिवस टिकतो. डिस्क गेली तर मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही गेले. आणि शुक्रवारी कोणी चुकून ५०० नोंदी उडवल्या व सोमवारी लक्षात आले, तर उरलेल्या दोन्ही प्रती त्या चुकीनंतरच्याच असतात. मुदत ३० दिवस करा, रोजची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवा, आठवड्याला एक बाह्य डिस्कवर घ्या आणि ती ग्रंथालयाबाहेर ठेवा. सहा महिन्यांतून एकदा ती प्रत वेगळ्या संगणकावर उघडून, एखादा बारकोड स्कॅन करून पुस्तक दिसते का ते बघा.