वाचकांचे प्रश्न : ब्लॉटवर दिसणारे प्रथिन जिवंत पेशीवर का दिसत नाही?

प्रश्न : कर्करोगाच्या पेशींमधील औषध-प्रतिकारावर मी पीएच.डी.साठी काम करते. पेशीतून औषध बाहेर फेकणारे पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन शोधण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत सी२१९ हे प्रतिपिंड आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) कधी जेलच्या वरच्या टोकाला नुसता डाग राहतो, तर कधी १७० किलोडाल्टनजवळ पसरट पट्टा येतो. त्याच पेशी जिवंत असताना फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीवरील प्रतिपिंडाची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) तपासल्या, तर मात्र काहीच दिसत नाही. प्रतिपिंड खराब झाले असेल का?
– एक संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : तुमच्या वर्णनावरून प्रतिपिंड खराब झाल्यासारखे वाटत नाही. प्रतिपिंड अख्ख्या प्रथिनाला ओळखत नाही. ते त्यावरील मोजक्या अमिनो आम्लांच्या एका जागेला, म्हणजे एपिटोपला, ओळखते. म्हणून पेशीपटलातील प्रथिनाच्या बाबतीत ती जागा पटलाच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे सर्वांत आधी पाहावे लागते.

ज्युलियानो आणि लिंग यांनी १९७६ मध्ये हॅम्स्टरच्या औषध-प्रतिकारक पेशींत वर्णन केलेले हे प्रथिन माणसात १२८० अमिनो आम्लांचे असते आणि पटलातून १२ वेळा आरपार जाते. पेशीबाहेर त्याचे थोडेसे वळसेच डोकावतात, तर एटीपीला (पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला) बांधणारे दोन्ही मोठे भाग आत असतात आणि सी२१९ ज्या जागेला चिकटते, ती याच आतल्या भागांत आहे. जिवंत, अखंड पेशीत प्रतिपिंडाला शिरकाव नसतो, त्यामुळे तुम्हाला सिग्नल न मिळणे स्वाभाविक आहे. पेशी फॉर्माल्डिहाइडने स्थिर करून सॅपोनिनने पटलाला छिद्रे पाडली, तर सी२१९ चालू शकेल. पण मग पृष्ठभागावर पोहोचलेल्या प्रथिनाबरोबर पेशीच्या आत अजून वाटेत असलेले प्रथिनही मोजले जाईल. औषध बाहेर फेकण्याचे काम पृष्ठभागावरचे प्रथिन करते, म्हणून तुमच्या अभ्यासासाठी बाहेरच्या वळशांना ओळखणारे एमआरके१६ किंवा यूआयसी२ हे प्रतिपिंड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यूआयसी२चे बंधन प्रथिनाच्या नैसर्गिक आकारावर अवलंबून असते. एसडीएस या अपमार्जकाने उलगडलेल्या प्रथिनावर, म्हणजे ब्लॉटवर, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

जिवंत पेशी तपासताना त्या भांड्याच्या तळापासून ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराऐवजी ईडीटीए या रसायनाने सोडवाव्यात, कारण ट्रिप्सिन बाहेरचे वळसे कापू शकते. प्रतिपिंड लावण्याचे काम बर्फावर केल्यास पृष्ठभागावरील प्रथिन आत ओढले जाण्याची क्रिया थांबते. मृत पेशींत प्रतिपिंड सहज शिरते आणि खोटा सिग्नल देते, म्हणून त्या वेगळ्या ओळखणारा रंग वापरणे टाळू नका.

आता ब्लॉटविषयी. वरच्या टोकाचा डाग बहुधा नमुना उकळल्यामुळे येत असावा. अनेक वेळा पटल ओलांडणारी जलविरोधी प्रथिने ९५ अंश सेल्सिअसला एकमेकांना चिकटतात आणि जेलमध्ये उतरतच नाहीत. बफरमध्ये मिसळलेला नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा. बाकीच्या प्रथिनांसाठी रूढ असलेली उकळण्याची सवय इथे मोडावीच लागते. पट्टा पसरट असणे हा दोष नाही. अमिनो आम्लांवरून काढलेले वस्तुमान सुमारे १४१ किलोडाल्टन भरते, परंतु पहिल्या बाह्य वळशावर शर्करा जोडलेल्या असतात आणि प्रत्येक रेणूवर त्या सारख्याच नसतात. पीएनगेज एफ या विकराने त्या काढल्यावर पट्टा खाली सरकला, तर तो शर्करायुक्त प्रथिनाचा आहे याला पुष्टी मिळते. मात्र ते प्रथिन पी-ग्लायकोप्रोटीनच आहे, हे त्यावरून ठरत नाही.

ही शंका महत्त्वाची आहे, कारण सी२१९ एबीसीबी४ या जवळच्या नात्यातील प्रथिनालाही ओळखते. यासाठी केबी-३-१ या संवेदनशील पेशी आणि त्यांच्यापासून मिळवलेल्या केबी-व्ही१ या प्रतिकारक पेशी शेजारीशेजारी चालवाव्यात. एबीसीबी१, म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीनचे जनुक, निकामी केलेल्या पेशी मिळाल्या तर उत्तमच. पटलाचा अंश वेगळा काढला असेल, तर लोडिंग कंट्रोल (प्रत्येक नमुना सारखाच भरला आहे ना, हे दाखवणारे प्रथिन) म्हणून जीएपीडीएचऐवजी सोडियम-पोटॅशियम एटीपेज तपासावे, कारण जीएपीडीएच मुख्यतः पेशीद्रवात असते आणि त्या अंशात ते कमी दिसले तरी त्यावरून नमुना कमी भरला असे म्हणता येत नाही.